वाचकांचे प्रश्न : वेर्नात्सात जेवावे कोठे, प्यावे काय?

प्रश्न : येत्या सप्टेंबरात आम्ही चौघे इटलीतील चिंक्वे तेर्रे भागात, वेर्नात्सा गावी दोन रात्री मुक्काम करणार आहोत. डोंगरकड्यावरच्या या गावातील हॉटेले महाग आणि गर्दीची असतात, असे ऐकले. जेवणासाठी कोणता भाग निवडावा? आमच्यापैकी दोघे मासे खातात, दोघे शाकाहारी आहेत. तेथील वाइनविषयीही सांगावे.
— एक वाचक

उत्तर : गावातच मुक्काम आहे, म्हणजे निम्मी अडचण सुटली. मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावे ला स्पेत्सिया ते लेवान्तो या लोहमार्गावर एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. त्यामुळे गर्दी होते ती मुख्यतः दिवसापुरत्या आलेल्या पर्यटकांची, आणि ती संध्याकाळच्या गाड्यांनी ओसरते. म्हणून जागेआधी वेळ ठरवावी. दुपारी टेबलासाठी ताटकळत बसू नये. स्टेशनपासून बंदराकडे उतरणाऱ्या व्हिया रोमा या मुख्य रस्त्यावर फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेल लावून भाजलेला चपटा पाव, घ्यावा आणि धक्क्यावर बसून खावा. खरे जेवण रात्रीचे, आणि तेही जागा आधी राखून ठेवून करावे. बहुतेक स्वयंपाकघरे दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि सातनंतर पुन्हा सुरू होतात. दुपारी चार वाजताही गरम जेवण हजर करणारे ठिकाण केवळ पर्यटकांच्या सोयीचे असण्याचा संभव अधिक.

बंदरालगतच्या पियात्सा मार्कोनी या चौकात छत्र्यांखाली मांडलेली टेबले मोहात पाडतात. माझे मत असे, की तेथे सूर्यास्ताला एखादे पेय घ्यावे आणि जेवायला मागच्या गल्ल्यांत जावे, कारण चौकातल्या बिलात समुद्राच्या दर्शनाचीही किंमत धरलेली असते. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायल्यास सहसा स्वस्त पडते. बिलात ‘कोपेर्तो’ या नावाने माणशी साधारण २ ते ३ युरो लावलेले दिसतील. तो बैठकीचा आकार आहे आणि मेन्यूकार्डावर त्याचा उल्लेख असतो, तेव्हा त्यावरून वाद घालू नये. आणखी एक गोष्ट : २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत चिखल आणि दगडगोट्यांच्या लोंढ्याने व्हिया रोमावरील तळमजले गाडले गेले होते. तेथील सजावट नवी दिसली म्हणून खानावळही नवखी आहे, असे समजू नये.

मासे खाणाऱ्यांनी सर्वप्रथम अँचोव्ही, म्हणजे बोटाएवढे छोटे समुद्री मासे, मागवावेत. मोन्तेरोस्सोचे खारवलेले अँचोव्ही प्रसिद्ध आहेत, तर वेर्नात्साची खासियत म्हणजे ‘तेगामे’ : पसरट भांड्यात बटाट्याचे काप, टोमॅटो आणि अँचोव्ही यांचे थर रचून भाजलेला पदार्थ. लिंबाच्या रसात मुरवलेले अँचोव्ही मात्र शिजवलेले नसतात. कच्चे खायचे मासे, त्यांतील परजीवी मरावेत म्हणून, उणे २० अंश सेल्सिअस तापमानाला किमान २४ तास गोठवावेत, असा युरोपीय संघाचा नियम आहे. शंका असल्यास ते गोठवलेले होते का, हे निःसंकोच विचारावे. मेन्यूकार्डात पदार्थापुढे बारीक तारांकन दिसले, तर तळटीप वाचावी, कारण हे चिन्ह सहसा गोठवलेल्या मालासाठी वापरतात. तळलेल्या मिश्र मासळीसमोर ते हमखास आढळते. त्यात गैर काही नाही. फक्त ताज्या मासळीच्या अपेक्षेने पैसे मोजले जाऊ नयेत.

शाकाहाऱ्यांची सोय होते, पण विचारून. तुळशीच्या इटालियन वाणाचा पेस्तो, म्हणजे वाटलेला हिरवा सॉस, याच लिगुरिया प्रांतातला आणि त्रोफिए या पिळदार पास्त्यासोबत तो उत्तम लागतो. तथापि त्यात लसूण असते आणि परंपरेने पार्मेझान चीज घालतात, जे वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरून बनते. हे चालणार नसेल, तर फारिनाता मिळेल तेथे घ्यावा. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढेच घालून भट्टीत भाजलेला हा पदार्थ आपल्या बेसनाच्या धिरड्याचा जाड भाऊच म्हणावा. टोमॅटोच्या सॉसमध्ये किंवा पिझ्झावर अँचोव्ही असू शकतात. ‘सेन्त्सा आच्च्युगे’ म्हणजे ‘अँचोव्हीविना’, एवढे शब्द पाठ असावेत.

आता पेयांविषयी. इटलीत नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, त्यामुळे रिकामी बाटली जवळ ठेवावी. हॉटेलात मात्र बहुधा विकतची बाटलीच टेबलावर येते. स्थानिक पांढरी वाइन बोस्को, अल्बारोला आणि व्हेर्मेन्तीनो या द्राक्षांपासून करतात. कड्यावर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांच्या अरुंद पट्ट्यांत हे मळे आहेत, आणि काही ठिकाणी द्राक्षांच्या पेट्या एकाच रुळावर चालणाऱ्या छोट्या गाडीने उतरवाव्या लागतात. जेवणाबरोबर ही साधी, कोरडी वाइन पुरे. हीच द्राक्षे हवेशीर सावलीत आठवडेच्या आठवडे सुकवून केलेली ‘शाकेत्रा’ गोड, दाट आणि महाग असते. ती जेवणानंतर लहान पेल्यात, चीज किंवा बदामाच्या बिस्किटांसोबत घेतात. चौघांत दोन पेले मागवून आधी चव पाहावी.

सप्टेंबर हा द्राक्षतोडणीचा हंगाम असल्याने मळ्यांशेजारी बसून वाइन चाखायची हौस असल्यास कोर्निल्याला जावे. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १०० मीटर उंचीवर आहे आणि स्टेशनपासून वर जायला साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. वर चढण्याआधीच स्टेशनवर परतीच्या बसच्या वेळा पाहून ठेवाव्यात.