पाणी स्वस्त आणि हिरा महाग, असे का?

पाण्यावाचून माणूस जगत नाही तरी ते स्वस्त, आणि हिऱ्यावाचून कोणाचेच अडत नाही तरी तो महाग. मग किंमत उपयोगावर ठरते की टंचाईवर, असा प्रश्न पडतो. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांनी 1776 मध्ये हाच पेच मांडला होता. मला तो उलगडला ऑगस्ट 2019 मध्ये, सांगलीत, पुराने वेढलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या वेळी पाणी 57 फुटांवर गेले होते. खिडकीतून पाहावे तिकडे पाणी, आणि नळ कोरडे. एरवी त्याच नळाला पाइप लावून आम्ही जिना धूत असू. आता घरातल्या दोन कळश्या पुरवून वापरताना आधी जिना सुटला, मग अंघोळ, मग भांडी (ती कागदाने पुसू लागलो), आणि शेवटी पिण्यापुरते व भातापुरते पाणी तेवढे राहिले. पूर ओसरू लागल्यावर कोणी 20 लिटरचा जार विकायला आणला, तो मी नेहमीच्या चौपट भावाने घेतला आणि घासाघीस केली नाही.

पाण्याचा गुण त्या आठवड्यात बदलला नव्हता. पाणी मुबलक असते तेव्हा कोणतीही एक बादली सांडली तरी अडते ते जिना धुण्याचेच, म्हणून प्रत्येक बादलीचे मोल तेवढेच. पाणी आटले की सांडणारी बादली थेट घशाची असते. जेव्हन्स आणि कार्ल मेंगर या अर्थशास्त्रज्ञांनी 1871 मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या विचाराचे मर्म हेच.

मात्र नुसती दुर्मिळता कामाची नाही. आजोबांचे धान्य मोजायचे लोखंडी मापटे आमच्या गल्लीत एकमेव असेल. भंगारवाल्याने ते तराजूत टाकून किलोवर घेतले.

टंचाई किती काळ टिकते, हे माल किती टिकतो यावरही अवलंबून असते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) हळद वर्षानुवर्षे राहत असे, त्यामुळे भाव पडला तर व्यापाऱ्याला थांबता येई. कोथिंबिरीला थांबणे माहीत नाही. पावसाची झड लागली की सकाळी तिची जुडी हळदीच्या तोऱ्यात बसते. रात्री आठला मंडईतल्या मावशी त्याच पैशात दोन देतात, वर कढीपत्ता टाकतात.