थर राखायचे, सोडियम काढायचं

प्रश्न : सोडियम ट्रायटायटॅनेट (सोडियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजनचं थरांच्या रचनेचं संयुग) आम्लात दोन दिवस ठेवून, धुऊन 400 अंश सेल्सिअसला तापवलं. टायटॅनियम डायऑक्साइडचं ‘बी’ हे स्फटिकरूप अपेक्षित होतं, पण एक्स-रे आलेखात सोडियम हेक्साटायटॅनेटही दिसतं. कुठे चुकलं?

उत्तर : आधी पहिली भट्टी तपासा, म्हणजे ट्रायटायटॅनेट बनवलं ती. 10 ग्रॅम ट्रायटायटॅनेटला 7.95 ग्रॅम अ‍ॅनाटेज (टायटॅनियम डायऑक्साइडचंच दुसरं स्फटिकरूप) आणि 3.51 ग्रॅम सोडियम कार्बोनेट लागतं. कार्बोनेट ओल धरतं. न वाळवता तोललं की सोडियम कमी पडतं, आणि भट्टीत थोडं उडूनही जातं. मग हेक्साटायटॅनेट तयार होतं. त्याच्या रचनेत थर नसून बोगदे असतात, आणि त्यांतलं सोडियम आम्लाला दाद देत नाही. म्हणून कार्बोनेट 200 अंशांना दोन तास वाळवा, 5 टक्के जास्त घ्या, नीट घोटा. 800 अंशांना 20 तास तापवा, मध्ये एकदा काढून पुन्हा घोटा. क्रूसिबल अ‍ॅल्युमिनाचं हवं. पोर्सेलीनमधल्या सिलिकाला सोडियम खातं.

दुसरा संशय आम्लावर. त्याने थरांमधलं सोडियम काढून जागी हायड्रोजन आणायचा असतो, म्हणजे हायड्रोजन ट्रायटायटॅनेट मिळतं. एकाच आम्लात दोन दिवस पुरत नाहीत. 10 ग्रॅमला अर्धा मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल एक लिटर घ्या, 60 अंशांना ढवळत ठेवा, रोज आम्ल बदला, असे चार दिवस. घाईने तीव्र आम्ल उकळवू नका, टायटॅनेटच विरघळू लागतं. उरलेलं सोडियम पुढच्या तापवणीत पुन्हा हेक्साटायटॅनेटच करतं. डिस्टिल्ड पाण्याने धुऊन 60 अंशांना वाळवा. तांब्याच्या एक्स-किरणांनी घेतलेल्या आलेखात 10.5 अंश कोनाचं पीक (शिखर) पूर्ण जाऊन 11.3 च्या आसपास नवं यायला हवं. यंत्राची पाळी मिळत नसेल तर काटा आहेच : पूर्ण कोरडं 1 ग्रॅम हायड्रोजन ट्रायटायटॅनेट तापवल्यावर 70 मिलिग्रॅम पाणी गमावतं. घट बरीच कमी भरली तर सोडियम किंवा हेक्साटायटॅनेट शिल्लक आहे. जास्त भरली तर नमुना ओला होता.

शेवटी 350 ते 400 अंश, पाच तास. फार वर गेलात तर अ‍ॅनाटेज. 25 अंशांजवळचं पीक दोघांचंही असतं, तेव्हा 14.2 अंशांचं शोधा. ते अ‍ॅनाटेजला नसतं.

प्रश्न : थेट अ‍ॅनाटेज तापवून ‘बी’ रूप का होत नाही?

उत्तर : ‘बी’ अ‍ॅनाटेजपेक्षा कमी स्थिर, अ‍ॅनाटेज तापवलं की रूटाइल या तिसऱ्या, आणखी स्थिर रूपाकडे जातं. इथे थरांचा सांगाडा आधीच तयार असतो. पाणी निघताना शेजारचे थर ऑक्सिजनने जोडले जातात. 1980 मध्ये मार्शां, ब्रोहां व टुर्नू यांनी पोटॅशियम टेट्राटायटॅनेटपासून याच वाटेने हे रूप मिळवलं होतं.