टार्टर सॉस वाटीत पाणी का सोडतो?

प्रश्न : कटलेटसोबत टार्टर सॉस, म्हणजे मेयोनीजमध्ये व्हिनेगरमधली काकडी चिरून घालतात तो, घरीच करते. करताना छान दाट असतो, पण पाहुण्यांसमोर ठेवेपर्यंत वाटीत पाणी सुटतं. मेयोनीज बदलून पाहिलं, तरी तेच.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : मेयोनीजला दोष देऊ नका, पाणी काकडीचं आहे. व्हिनेगरमधली काकडी तशीच चिरून घातली, की तिच्यातलं आंबट पाणी हळूहळू बाहेर येतं. तुरीच्या दाण्याएवढे तुकडे करा, सुती फडक्यात पुरचुंडी बांधा आणि घट्ट पिळा. फडकं उघडल्यावर तुकडे सुटे पडले, तर झालं. चिकटून गोळा राहिला, तर पुन्हा पिळा. कांदा चिरून चिमूटभर मीठ लावा आणि दहा मिनिटांनी तोही पिळा. शेपू (भाजीवाल्याकडे सुवा म्हणून मागा) आणि कोथिंबीर धुऊन कोरडी झाल्यावरच चिरायची. ओली पानं सुरीखाली ठेचली जातात आणि सॉस हिरवट दिसतो. मिक्सर नकोच, सॉस दाताखाली करकरला पाहिजे.

एक वाटी, म्हणजे साधारण 200 ग्रॅम मेयोनीजला पिळलेली काकडी 60 ग्रॅम, कांदा 1 मोठा चमचा, शेपू 2 मोठे चमचे, कोथिंबीर 1 मोठा चमचा, लिंबाचा रस 1 लहान चमचा, मिरपूड पाव चमचा. मीठ सगळ्यात शेवटी, चव घेऊनच. तासभर फ्रिजमध्ये मुरू द्या. लगेच खाल्ला तर शेपू वेगळा आणि आंबट वेगळं लागतं.

प्रश्न : बाटलीतली काकडी गोड लागते आणि या सॉसमध्ये घालायचे केपर महाग पडतात. घरी काय करता येईल? आंब्याचं लोणचं चालेल?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आंब्याचं लोणचं नको. त्यातली मेथी, हिंग आणि तेल शेपूला मान वर काढू देत नाहीत.

काकडी घरी लोणवणं सोपं आहे. 250 ग्रॅम कोवळी काकडी उभी चिरून बिया काढा, 1 लहान चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा, पिळा. अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी, 1 मोठा चमचा साखर, 1 लहान चमचा मीठ आणि अर्धा चमचा मोहरी एकदा उकळून पूर्ण गार करा, मगच काकडीवर ओता. गरम ओतलंत तर काकडी लिबलिबीत होते. फ्रिजमध्ये 24 तास.

केपरच्या जागी केरडे घ्या, गुजरातेत राहून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं खरंच वाईट. केपर म्हणजे झुडपाच्या कळ्या. केरडे ही त्याच जातकुळीतल्या झुडपाची फळं. मिठाच्या पाण्यात मुरवलेले, लहान निवडून घ्या. ताजे हिरवे कडू असतात, ते थेट घालू नका. दोन पाण्यांत धुऊन, कोरडे करून, जाडसर चिरून 1 मोठा चमचा पुरे.

प्रश्न : आमच्याकडे अंडं चालत नाही. घरचं मेयोनीज जमेल का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : जमेल. आधी मोहरी फेसून घ्या : अर्धा चमचा मोहरीपूड एक चमचा गार पाण्यात खलून दहा मिनिटं ठेवा. झणका गार पाण्यातच तयार होतो. लिंबू आधी घातलं तर तो दबतो. वास नाकात गेला, की मोहरी तयार. मग उभट भांड्यात 100 मिली गार दूध, ही मोहरी, 2 लहान चमचे लिंबाचा रस आणि पाव चमचा मीठ घ्या. हँड ब्लेंडर चालू ठेवून 200 मिली बिनवासाचं तेल अगदी बारीक धारेनं सोडा. निम्मं तेल जाईपर्यंत पातळच दिसतं, तिथे धीर सोडून धार मोठी केली की फाटतं. फाटलंच तर स्वच्छ भांड्यात दोन चमचे गार दूध घेऊन फाटलेलं त्यात थेंब थेंब घालत पुन्हा घुसळा.

एवढं तेल नको असेल तर मेयोनीजऐवजी श्रीखंडासाठी बांधतो तसा घट्ट चक्का घ्या. 200 ग्रॅम चक्क्याला 2 मोठे चमचे तेल घोटून घाला आणि लिंबू वगळा, नाहीतर आंबट फार होतो.

दोन्ही सॉस फ्रिजमध्ये काचेच्या बरणीत ठेवून तीन दिवसांत संपवा. मे महिन्याच्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. पंगत लांबणार असेल तर लहान वाटीत थोडा थोडा काढा.