बाबासाहेबांच्या स्मारक नाण्यांसाठी मुलीची ठेव मोडावी का?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १२५व्या जयंतीनिमित्त २०१५ मध्ये निघालेली १२५ रुपयांची दहा स्मारक नाणी एक विक्रेता आपल्याला ९०,००० रुपयांना देत आहे आणि काही वर्षांत त्यांचे दाम दुप्पट होईल असे सांगत आहे. त्यासाठी मुलीच्या प्रवेशाकरिता ठेवलेली, दोन वर्षांनी लागणारी मुदत ठेव मोडावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती मुळीच मोडू नये.

या नाण्याचे वजन ३५ ग्रॅम असून त्यात निम्मी चांदी आहे. उरलेला भाग तांबे, निकेल आणि जस्त यांचा. म्हणजे दहा नाण्यांत मिळून चांदी १७५ ग्रॅम. आजच्या भावाने तेवढ्या चांदीचे किती होतात ते सराफाकडे विचारा आणि ९०,००० मधून वजा करा. उरणारी रक्कम केवळ हौशी संग्राहकांच्या मागणीवर उभी आहे. शिवाय नाणी वितळवण्यास २०११च्या नाणे कायद्याने मनाई असल्यामुळे त्यातील चांदी मोडीत देऊन पैसे उभे करण्याची वाटही कायदेशीररीत्या बंद आहे, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. दर्शनी मूल्य धरले, तर दहांचे मिळून १,२५० रुपयेच होतात.

खरी अडचण विकताना येते. संग्राहक एखादे नाणे घेईल, पण शुल्क भरण्याच्या आठवड्यात दहाही नाणी एकदम घेणारा सापडेलच, याची खात्री कोण देणार? त्याच विक्रेत्याला विचारून पाहा, की हीच नाणी आज मी आपल्याला विकली तर किती द्याल. आणि तो आकडा लेखी मागा. ऑनलाइन ग्राहक मिळवून देण्यासाठी कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कर मागितला, तर ती फसवणूक समजावी. बँकेने स्वतःच तसा इशारा दिलेला आहे.

बाबासाहेबांविषयीचा आपला आदर पत्रातून जाणवतो आणि त्यासाठी एक नाणे घरात असणे मला योग्यच वाटते. ते मासिक बचतीतून, टांकसाळीच्या मूळ वेष्टनासह घ्या, कडेला धरूनच हाताळा आणि चकाकी आणण्यासाठी कधीही घासू नका, कारण घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात.