पिट बाईक (मातीत चालवायची छोट्या चाकांची मोटरसायकल) वेगात थरथरते. तेच इंजिन मोठ्या फ्रेममध्ये टाकलं तर स्थिर होईल का?

टाकता येतं. इंजिन दहा मिनिटांत बसतं आणि माणूस तिथेच फसतो.

तुम्ही लिहिलंय की पुढे १४ आणि मागे १२ इंची चाक आहे, तिसऱ्या गिअरला हँडल थरथरतं, गुडघे हँडलला लागतात, जुनीच चाकं ठेवून मोठी फ्रेम घ्यायचा बेत आहे, आणि मित्र म्हणतो, "फ्रेमच्या भानगडीत पडू नकोस, मागचं चाक धरणारा स्विंगआर्म लांब करून घे." हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. तुमचा हा मित्र माझ्या घरात दादा म्हणून राहतो.

माझी बाईकही १४-१२ चीच होती, १२५ चं आडवं इंजिन. मोकळ्या मैदानात जरा सुटली की हँडल डावं-उजवं मारायचं. मी म्हणत होतो फ्रेम लहान आहे. दादाने माझ्या माघारी स्विंगआर्म कापून, मध्ये पाइपचा तुकडा घालून दोन इंच वाढवून आणला. थरथर कमी झाली, खोटं कशाला बोलू. पण वळेचना. वळणावर बैलगाडीसारखा आधीपासून विचार करावा लागायचा. दादा म्हणे, "स्थिर झाली की नाही?" भिंतही स्थिर असते.

झालं होतं असं, की स्विंगआर्म लांबला पण शॉकअपची जागा तीच राहिली. चाक जितकं लांब गेलं तितकी त्याची तरफ वाढली, तीच स्प्रिंग मऊ पडली आणि मागची बाजू खाली बसली. मागे बसली म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क जास्त आडवा झाला. स्थिरपणा आला तो काही चाकांमधल्या वाढलेल्या अंतरामुळे आणि काही या बसण्यामुळे. पुढे दीड महिन्यात वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. तेव्हा मी सुटी फ्रेम आणली, १७-१४ चाकांच्या मापाची.

आता इंजिनाचं. बहुतेक पिट बाईकची आडवी इंजिनं होंडाच्या १९५८ च्या सुपर कबपासून चालत आलेल्या ठेवणीची आहेत, त्यामुळे दोन लांब बोल्टांची जागा बऱ्याच फ्रेमना जुळते. माझ्या फ्रेमलाही जुळली. मी दादाला हाक मारून दाखवलं. तो फक्त "बाकीचं?" म्हणाला आणि निघून गेला.

बाकीचं असं. नव्या फ्रेमची मान, म्हणजे फोर्क जिच्यात फिरतो ती नळी, लांब; तिच्यातून जाणारी माझ्या फोर्कची टी आखूड, वर नट लागायला आटेच उरेनात. स्विंगआर्मचा मुख्य बोल्ट जुना १२ मिमीचा, नव्या फ्रेमचं भोक १५ चं. लेथवर बुश करून घेतले, तो भाग सोपा. शॉकअप जुनाच लावला तर आखूड पडला, मागची बाजू खाली, म्हणजे दादाच्या स्विंगआर्मने केलेलाच घोळ मी नव्या फ्रेमवर हौसेने करून ठेवला. त्यात लहान चाकं मोठ्या फ्रेमला लावलेली, इंजिनाचं पोट जमिनीला टेकायला आलेलं. जुन्या बाईकचे फूटरेस्ट इंजिनाच्या खाली चार बोल्टांवर होते, इथे ते फ्रेमवर आणि नेमके किकच्या वाटेत. किक अर्ध्यावर येऊन फूटरेस्टवर आपटायची. वाकडी किक शोधण्यात एक आठवडा गेला.

सगळ्यात वाईट चेन. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एका रेषेत नव्हतं, सहा मिलिमीटरचा फरक. मी हुशारी करून मागे वायसर भरले. पहिल्याच फेरीत चेन उतरली आणि इंजिनाच्या कव्हरवर आदळली. कव्हर फुटलं नाही हे नशीब. पुढे बाहेर निघालेलं ऑफसेट स्प्रॉकेट मिळतं, ते लावा. वायसर हा इलाज नाही, आणि माझ्याकडे बघून कुणी तो करू नका.

शेवटी फोर्क, टी, दोन्ही चाकं, शॉकअप, क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या वायरी, ब्रेकची नळी, सगळं लांबचं घेतलं. मागचं चाक मोठं झाल्यावर पिकअप मेला. टायर धरून चाकाचा व्यास साधारण १५ टक्के वाढला होता, म्हणून ३७ दात्यांचं मागचं स्प्रॉकेट काढून ४३ चं लावलं, तेव्हा ती पूर्वीसारखी उचलायला लागली. जुन्यातलं उरलं काय? इंजिन, कार्ब्युरेटर आणि सीटखालचा सीडीआय, म्हणजे ठिणगी देणारा डबा.

पण चालली कशी, तर रुळावरून चालल्यासारखी. याचं कारण फ्रेमचा आकार एवढंच नाही आणि हे कुणी सांगत नाही. फोर्क ज्या मानेत फिरतो तिची तिरकी रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल असला की चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. आता मानेचा कोन २५ अंश आणि ऑफसेट, म्हणजे त्या रेषेपासून चाकाचा मध्य जितका पुढे असतो ते अंतर, ३५ मिमी कायम ठेवून हिशोब करा. १४ इंची चाकाला ६०/१०० चा टायर असेल तर ट्रेल येतो ७२ मिमीच्या आसपास, १७ इंची चाकाला ७०/१०० चा असेल तर ९५. कोनाला हात न लावता तेवीस मिलिमीटर नुसत्या चाकाने दिले. म्हणून मोठी फ्रेम आणि जुनी लहान चाकं हा तुमचा बेत मला पटत नाही. मोठी फ्रेम ही मोठ्या चाकांसाठी केलेली असते. लहान चाकं घालून तिची उंचीही जाईल आणि ट्रेलही.

कोणती फ्रेम घ्यावी, हे मी नाव घेऊन सांगणार नाही. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) घेऊन जा आणि मानेची लांबी, तिच्यातल्या बेअरिंगच्या वाटीचा व्यास, स्विंगआर्मच्या बोल्टचा व्यास, स्विंगआर्म बसतो त्या दोन कानांमधली रुंदी आणि शॉकअपचं भोक ते भोक अंतर मोजा. मानेच्या खालच्या जोडाला, जिथे त्रिकोणी पट्टी वेल्ड केलेली असते, तिथे रंग खरवडून चीर बघा. रंग नवा असेल तर जास्तच बघा. फ्रेम नंबर मानेवर ठोकलेला असतो, तो घासलेला असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं: एवढं सगळं घेण्यापेक्षा १७-१४ ची आख्खी जुनी बाईक घेऊन त्यात आपलं इंजिन टाकणं जवळजवळ नेहमी स्वस्त पडतं. मला हे माहीत होतं. पण तसं केलं असतं तर दादा म्हणाला असता, तुला जमलं नाही.

अजून एक. जुनी बाईक सोडवताना मानेचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, काढला तर खालच्या वाटीत गोळ्यांच्या खाचा पडलेल्या. हँडल बरोबर मध्ये अडकायचं. थरथर त्याचीही असू शकते, हे मला तेव्हाच कळलं, आणि दादा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे फ्रेम बरी होती." मी चिडून जुन्या फ्रेममध्ये नवा कोनसेट घातला, मित्राचं इंजिन मागून आणलं, जुनी चाकं आणि न कापलेला दुसरा स्विंगआर्म लावला. दोन दिवस फक्त भांडण मिटवायला घालवले. थरथर तिसऱ्याऐवजी चौथ्या गिअरला यायला लागली. दादा म्हणाला, "बघ, बेअरिंगच होतं." मी म्हणालो, "बघ, अजून येते." त्याचं मूळ म्हणणं स्विंगआर्मचं होतं, बेअरिंगचं नाही, हे मी त्याला दर वेळी आठवून देतो आणि तो दर वेळी विषय बदलतो.

तर तुम्ही आज एवढंच करा. इंजिनाखाली ठोकळा देऊन पुढचं चाक उचला आणि एका बोटाने हँडल फिरवा. मध्ये कुठे अडकलं तर आधी कोनसेट बदला. फोर्क पुढे-मागे ओढून मानेत खटखट येते का आणि स्विंगआर्म आडवा हलतो का, तेही बघा. सगळं ठीक असून चौथ्याला थरथरली तर मापं घेऊन लिहा, फ्रेमचं बोलू. आणि मित्र स्विंगआर्म कापायला घेऊन जाईल त्या दिवशी तो काढून कपाटात ठेवा.