मीट पपेट्स हा दोन भावांचा बँड इतकी वर्षे कसा टिकला?

आपण विचारले आहे की, मीट पपेट्स हा अमेरिकेतील अंडरग्राउंड रॉक बँड फारसे मोठे यश न मिळताही चाळीस वर्षे कसा चालला, आणि तो सख्ख्या भावांनी काढलेला असल्याचा त्याला फायदा झाला की तोटा. माझे मत असे की, बँड मध्येच बंद पडला तोही त्या नात्यामुळे आणि पुन्हा उभा राहिला तोही त्याच नात्यामुळे.

या बँडचे नाव मी कोल्हापुरात, कॉलेजात असताना प्रथम वाचले. माझ्या थोरल्या भावाने पुण्याहून निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडच्या ‘अनप्लग्ड’, म्हणजे मुख्यतः अकौस्टिक वाद्यांवर केलेल्या, मैफलीची कॅसेट आणली होती. ती मैफल नोव्हेंबर 1993 मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाली आणि निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याच्या निधनानंतर, 1994 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तीत सलग तीन गाणी अशी होती की, ती कोबेनने लिहिलेली नव्हती. ती मीट पपेट्सच्या कर्ट कर्कवुडची होती आणि ती वाजवण्यासाठी कोबेनने कर्ट आणि त्याचा धाकटा भाऊ क्रिस यांना स्वतःच्या मंचावर बोलावून घेतले होते. आपल्या प्रसिद्धीच्या शिखरावर असलेल्या गायकाने अशा प्रकारे दुसऱ्यांची गाणी पुढे करावीत, याचे आम्हा दोघांना फार अप्रूप वाटले. त्या वेळी दादा एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असे आणि मी बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवत असे, त्यामुळे ते दोन भाऊ आम्हाला ओळखीचे वाटले.

कर्ट, क्रिस आणि ढोलवादक डेरिक बॉस्ट्रम यांनी 1980 मध्ये अ‍ॅरिझोनातील फिनिक्स येथे हा बँड सुरू केला. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडच्या ग्रेग गिनने चालवलेल्या एसएसटी रेकॉर्ड्स या लहानशा कंपनीने त्यांना आसरा दिला. 1982 चा पहिला अल्बम म्हणजे शब्दही कळू नयेत इतक्या वेगाचा हार्डकोर पंक, म्हणजे पंक या आक्रमक रॉकचा आणखी वेगवान प्रकार आहे. मात्र 1984 च्या दुसऱ्या अल्बममध्ये त्यांनी कंट्री या अमेरिकेतील ग्रामीण वळणाच्या संगीताच्या चाली आणि वाळवंटी, भ्रमिष्टासारखे शब्द आणले. पंकच्या श्रोत्यांपुढे अशी गाणी वाजवणे म्हणजे त्यांचा रोष ओढवून घेणे होते, तरीही ते मागे हटले नाहीत. पुढच्याच वर्षीच्या ‘अप ऑन द सन’ या अल्बममध्ये गिटार आणि बेस यांच्या ओळी एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की, कुठे एक संपते आणि कुठे दुसरी सुरू होते हे बेस वाजवणाऱ्या मलाही कित्येकदा कळत नाही. लहानपणापासून एका घरात वाढलेल्या माणसांनाच असे वाजवता येते, असे मी अनुभवाने म्हणतो. आपल्याकडे हलगी आणि घुमके वाजवणाऱ्या भावांच्या जोड्यांमध्येही ही गोष्ट दिसते. खुणेची नजरही लागत नाही, थाप आपोआप जुळते.

टिकून राहण्याचे एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. बँडची जवळजवळ सर्व गाणी कर्ट लिहितो, आणि त्यामुळे ‘माझे गाणे का घेतले नाही’ हा वाद, ज्यात कितीतरी बँड फुटतात, तिथे फारसा उद्भवलाच नाही. शिवाय खर्च लहान ठेवला होता. 1987 या एकाच वर्षात त्यांनी दोन अल्बम काढले.

मोठ्या कंपनीचा करार 1991 मध्ये आला, आणि 1994 च्या ‘टू हाय टू डाय’ या अल्बमला अमेरिकेत सुवर्ण मानांकन मिळाले. मात्र हे यश आले त्याच काळात क्रिस अमली पदार्थांच्या विळख्यात सापडला. अन्य कोणत्याही बँडमध्ये नवा बेसवादक काही महिन्यांत आला असता. येथे मात्र 1995 च्या अल्बमनंतर बँडच थांबला. पुढे कर्टने नवे साथीदार घेऊन त्याच नावाने 2000 मध्ये एक अल्बम केला. तो वाईट नाही, पण त्यात मला मीट पपेट्स ऐकू येत नाही. 2003 च्या अखेरीस फिनिक्सच्या टपाल कार्यालयात सुरक्षारक्षकाशी झालेल्या झटापटीत क्रिसला गोळी लागली आणि पुढे त्याला तुरुंगवासही झाला. सुटून आल्यावर, 2006 मध्ये, दोघे भाऊ पुन्हा एकत्र वाजवू लागले आणि पुढच्याच वर्षी नवा अल्बम आला.

‘सख्खे भाऊ, पक्के वैरी’ असे आपण सहज म्हणतो. मंगळवार पेठेतल्या घराच्या वाटणीवरून दादा आणि मी सहा वर्षे बोललो नव्हतो, तेव्हा मलाही ते पटले होते. पण त्या सहा वर्षांत मी दुसऱ्या कोणाबरोबर बेस वाजवला नाही, आणि दादानेही गिटार खोलीत तशीच ठेवून दिली होती. म्हणून मीट पपेट्सची चाळीस वर्षे मोजताना मी ती रिकामी वर्षे वजा करत नाही.

2018 मध्ये बॉस्ट्रम परत आला आणि कर्टचा मुलगा एल्मोही गिटार घेऊन बँडमध्ये आहे. 2019 चा ‘डस्टी नोट्स’ याच मंडळींनी केला. आपण ऐकायला सुरुवात करणार असाल तर निर्वाणाच्या मैफलीपासून करू नका. आधी 1984 चा दुसरा अल्बम ऐका, त्यातल्या कर्टच्या सुरापासून किंचित ढळणाऱ्या आवाजाची सवय होऊ द्या, आणि मग ‘अप ऑन द सन’ चांगल्या हेडफोनवर, फक्त बेसकडे लक्ष देऊन ऐका.