ऑनलाइन शिक्षण कंपनीचे सर्चमधून येणारे ट्रॅफिक कसे वाढवावे?

आपला प्रश्न असा आहे: इंदूरमधून मध्य प्रदेश राज्यसेवा आणि इतर भरती परीक्षांचे ऑनलाइन वर्ग चालवणाऱ्या आपल्या कंपनीला जाहिरातींचा खर्च आता परवडत नाही, तेव्हा गूगल सर्चमधून आपणहून येणारे विद्यार्थी कसे वाढवावेत, एका एजन्सीने रोज दहा लेख आणि दरमहा ठरावीक बॅकलिंक (इतर वेबसाइटवरून आपल्याकडे येणारे दुवे) असे पॅकेज देऊ केले आहे, ते घ्यावे का, आणि परिणाम दिसायला किती काळ लागेल. मी इंदूरमध्येच शिक्षणक्षेत्रातील वेबसाइटच्या एसइओचे, म्हणजे सर्चमध्ये पाने वर आणण्याचे, काम करते, म्हणून तिन्ही भागांचे उत्तर सविस्तर देत आहे.

पॅकेजबद्दल आधी सांगते, कारण पैसे अजून आपल्या हातात आहेत. ते घेऊ नये. गूगलने मार्च 2024 मध्ये आपल्या स्पॅम धोरणांत जी भर घातली, तिच्यात केवळ क्रमवारी मिळवण्यासाठी मोठ्या संख्येने तयार केलेल्या पानांचा स्पष्ट उल्लेख आहे. ती पाने माणसाने लिहिली की यंत्राने, याला तेथे महत्त्व नाही. विकत घेतलेल्या बॅकलिंक तर त्याआधीपासूनच धोरणाविरुद्ध आहेत. परंतु धोरण बाजूला ठेवले तरी या सौद्यात अर्थ नाही. रोज दहा लेख म्हणजे वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक पाने होतात, आणि राज्यसेवेच्या विद्यार्थ्याला खरोखर पडणारे, एकमेकांपासून वेगळे असे इतके प्रश्न अस्तित्वातच नाहीत. मग एकाच प्रश्नावर चार चार लेख तयार होतात, ते एकमेकांशीच स्पर्धा करतात, आणि सर्च कन्सोलमध्ये (वेबसाइटच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या साधनात) ‘क्रॉल केले, पण सध्या इंडेक्स केलेले नाही’, म्हणजे गूगलने पान वाचले पण आपल्या शोधसूचीत घेतले नाही, या खात्यातील आकडा तेवढा फुगत जातो.

माझे ठाम मत असे आहे की शिक्षण कंपनीच्या एसइओचा खरा कच्चा माल कीवर्डच्या कोणत्याही टूलमध्ये नसून तिच्या शिक्षकांकडे येणाऱ्या शंकांमध्ये असतो. इंदूरच्या भंवरकुआं या कोचिंगच्या भागातील कोणत्याही वर्गात वर्ग संपल्यावर शिक्षकाभोवती जी मुले उभी राहतात, ती काय विचारतात हे ऐकावे. खरगोन, बडवानी, धार किंवा खंडव्याहून आलेला मुलगा ‘राज्यसेवा म्हणजे काय’ असे विचारत नाही. पूर्वपरीक्षेतील सामान्य अभिरुचीचा (म्हणजे अभियोग्यतेचा) दुसरा पेपर केवळ पात्रतेपुरता असेल तर त्याला किती वेळ द्यावा, मुख्य परीक्षेच्या निबंधात मध्य प्रदेशाची उदाहरणे किती घ्यावीत, नोकरी सांभाळून वाचन कसे बसवावे, असे तो विचारतो. तेच प्रश्न आपल्या लाइव्ह वर्गाच्या चॅटमध्ये, शंकानिरसनाच्या व्हॉट्सअॅप गटांत आणि प्रवेशासाठी फोन करणाऱ्या पालकांच्या बोलण्यात असतात. ते एका तक्त्यात उतरवून घ्यावेत, एकसारखे प्रश्न एकत्र करावेत, आणि प्रत्येक गटाला एकच पान द्यावे. त्या पानावरचे उत्तर विषय शिकवणाऱ्या शिक्षकानेच सांगावे. लिहिण्याचे काम दुसऱ्याने केले तरी चालेल, मात्र आशय आणि अंतिम तपासणी शिक्षकाची हवी, आणि पानावर त्याचे नाव, पात्रता व शेवटच्या सुधारणेची तारीख असावी. निकालांचा दर्जा तपासण्यासाठी गूगलने नेमलेल्या तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर 2022 मध्ये तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकष आला. तो क्रमवारीचा एखादा थेट गुणांक नाही, परंतु कोणत्या प्रकारचे पान वर यावे असे गूगलला वाटते, हे त्यावरून नीट कळते.

ही गोष्ट आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे. ऑगस्ट 2024 पासून भारतात निकालांच्या वर एआयने तयार केलेली उत्तरे इंग्रजीबरोबर हिंदीतही दिसू लागली, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत संपते त्यासाठी विद्यार्थी आता क्लिक करेलच असे नाही. व्याख्या, वयोमर्यादा, परीक्षेचे स्वरूप अशा माहितीची पाने ठेवावी लागतील, पण त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. विद्यार्थी आपल्या वेबसाइटवर येतो तो अशा गोष्टींसाठी ज्या निकालाच्या पानावर मावत नाहीत: मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची कारणांसह सोडवणूक, वेळ लावून देता येणारी सराव चाचणी, मुख्य परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका आणि तिच्या समासातील शिक्षकाचे शेरे. यांतील शेवटची गोष्ट फारच थोड्या कंपन्या खुली ठेवतात. विद्यार्थ्याची परवानगी घेऊन आणि नाव झाकून अशी काही उत्तरे आपण खुली ठेवलीत, तर इतरांकडे नसलेला मजकूर आपल्याकडे असेल.

प्रश्नपत्रिकांच्या बाबतीत आपल्या भागातील एक अडचण इतकी सर्वत्र आढळते की तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. मध्य प्रदेशातील कोचिंगच्या नोट्स वर्षानुवर्षे कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप झाल्या आहेत. कृतिदेव हा युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेताचा, फॉन्ट नाही. पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी फाइलच्या आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. अशी पीडीएफ फाइल वेबसाइटवर चढवली की विद्यार्थ्याला ती व्यवस्थित वाचता येते, पण सर्च इंजिनला तिच्यात हिंदीचा एक शब्दही सापडत नाही. आपल्या फाइलमधील एखादा परिच्छेद निवडून गूगलच्या शोधपेटीत चिकटवून पाहावा. निरर्थक रोमन अक्षरे उमटली, तर तो सगळा मजकूर सर्चच्या दृष्टीने नसल्यासारखाच आहे. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने सहज मिळतात, मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या चुका राहतात, म्हणून नजरेखालून घालणारा माणूस लागतो. हे काम एकदा नेटाने केले की अनेक वर्षांची मेहनत सर्चला प्रथमच दिसू लागते. आणि रूपांतरित मजकूर पुन्हा पीडीएफमध्ये कोंडू नये. गूगल पीडीएफ इंडेक्स करते हे खरे, परंतु मोबाइलवर ती वाचणे कष्टाचे असते, तिच्यातून संबंधित अभ्यासक्रमाकडे वाट काढणे कठीण असते आणि विद्यार्थी पुढे कोठे गेला हे कळत नाही. साधे वेब पान करावे आणि डाउनलोडची सोय त्याखाली द्यावी.

भाषेबद्दलही सांगणे भाग आहे. इंदूरच्या मराठी घरांतून आलेले आपल्यासारखे अनेक लोक या व्यवसायात आहेत आणि आपले हिंदी बरेचदा पुस्तकी असते. विद्यार्थी मात्र ‘कितने पेपर होते हैं’, ‘कैसे तैयारी करें’ असे, तेही पुष्कळदा रोमन अक्षरांत लिहितो. रोमन स्पेलिंगसाठी वेगळी पाने करण्याची गरज नाही, गूगल तेवढे समजून घेते. शीर्षक आणि उपशीर्षके तेवढी विद्यार्थ्याच्या बोलीत ठेवावीत. हिंदी आणि इंग्रजी माध्यमांची पाने वेगवेगळ्या वेब पत्त्यांवर ठेवून ती एचरेफलँगने, म्हणजे कोणते पान कोणत्या भाषेचे हे गूगलला सांगणाऱ्या कोडमधील खुणेने, जोडावीत. एकाच पानावर दोन्ही भाषांची सरमिसळ करू नये. शिवाय महाराष्ट्राच्या आयोगाचे आणि आपल्या आयोगाचे रोमन संक्षेप एका अक्षराच्या अंतराने शेजारी आहेत, म्हणून शीर्षकात ‘मध्य प्रदेश’ हे शब्द पूर्ण लिहिलेले असावेत, म्हणजे पुण्याच्या विद्यार्थ्याचा वेळ वाया जाणार नाही आणि आपले आकडेही खोटे फुगणार नाहीत.

वेब पत्त्यांची (यूआरएलची) रचना हा शिक्षणक्षेत्रात सर्वाधिक दुर्लक्षित विषय आहे. दरवर्षी परीक्षेची अधिसूचना निघाली की अभ्यासक्रमाचे नवे पान, वर्षाचा आकडा असलेल्या नव्या पत्त्यावर तयार केले जाते, आणि मागच्या वर्षी मिळवलेली सगळी पत, म्हणजे त्या पानाकडे येणाऱ्या लिंक आणि त्याचे स्थान, जुन्या पत्त्यावरच राहते. अभ्यासक्रम, पात्रता, पुस्तकांची यादी, तयारीचे वेळापत्रक यांचे पत्ते कायमचे असावेत आणि त्यांतील मजकूर व शीर्षकातील वर्ष तेवढे बदलत राहावे. जुनी वर्षनिहाय पाने त्या कायमच्या पत्त्याकडे 301 रीडायरेक्टने (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचे आपोआप नेणाऱ्या सोयीने) वळवावीत. प्रश्नपत्रिका मात्र याला अपवाद आहेत, कारण विद्यार्थी अमुक एका वर्षाचीच प्रश्नपत्रिका शोधत असतो.

प्रवेशपत्र आणि उत्तरतालिका यांच्या बातम्यांमागे धावण्याचा मोह टाळावा, असे मला वाटते. त्या दिवशी ट्रॅफिकचा आलेख उंच उडतो खरा, पण वृत्तपत्रांच्या वेबसाइट तेथे आधीच असतात, आणि प्रवेशपत्र उतरवून घ्यायला आलेला विद्यार्थी त्या क्षणी अभ्यासक्रम विकत घेत नसतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, लॉगिन करत नाही, म्हणून आपली व्याख्याने पूर्णपणे अॅपच्या आत असतील तर त्यांचा सर्चला काही उपयोग नाही. प्रत्येक व्याख्यानाचे खुले पान, त्यावर सारांश आणि पहिल्या काही मिनिटांचा लिखित मजकूर एवढे तरी असावे. मोबाइलवरील रूप हेच आता इंडेक्ससाठी धरले जाते. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद 200 मिलिसेकंदांच्या आत मिळावा आणि मांडणी हलण्याचे माप 0.1 च्या खाली राहावे, या गूगलच्या मर्यादा आहेत. बाहेरून जोडलेली चॅटची खिडकी आणि जड बॅनर काढले तरी बराच फरक पडतो. स्ट्रक्चर्ड डेटावर, म्हणजे पानावरील माहिती सर्च इंजिनला ठरावीक साच्यात सांगणाऱ्या कोडवर, मोठा खर्च करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की प्रश्नोत्तरांचे विस्तारित निकाल ऑगस्ट 2023 पासून मुख्यतः सरकारी आणि आरोग्यविषयक वेबसाइटपुरते उरले, आणि जून 2025 मध्ये गूगलने अभ्यासक्रमाची माहिती व शैक्षणिक व्हिडिओ यांचे खास निकालही बंद करत असल्याचे जाहीर केले. जुन्या सल्ल्यांत या गोष्टी अजूनही आग्रहाने सांगितलेल्या आढळतात.

बॅकलिंक हव्यातच, पण त्या मिळाव्यात अशी वस्तू आधी तयार करावी. पूर्ण सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचा मोफत संग्रह असेल तर महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांचे गट त्याचा दुवा स्वतःहून देतात. यशस्वी विद्यार्थ्यांच्या पानांबाबत मात्र अत्यंत सावध राहावे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली असून, निवडीची हमी देणे किंवा विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याचे नाव व छायाचित्र वापरणे त्यांत निषिद्ध आहे, आणि आपल्या वेबसाइटवरील पान हीसुद्धा जाहिरातच असते.

मोजमाप करताना एकूण ट्रॅफिक पाहू नये. सर्च कन्सोलमध्ये रेगेक्सच्या (शब्दांचे नमुने ओळखणाऱ्या सूत्राच्या) फिल्टरने कंपनीचे नाव असलेले शोध वगळावेत. उरलेले क्लिक हीच एसइओची खरी कमाई आहे, कारण नावाने शोधणारा विद्यार्थी आपल्याला आधीच ओळखत असतो. तुलना मागील महिन्याशी न करता मागील परीक्षाचक्राच्या त्याच टप्प्याशी करावी. सर्च कन्सोल फक्त 16 महिन्यांची आकडेवारी ठेवते आणि परीक्षा तर पुढे ढकलल्या जातात, म्हणून ती दरमहा उतरवून ठेवण्याची व्यवस्था आजच करावी. त्याच्या शेजारी मोफत चाचणीसाठी झालेल्या नोंदणींचा आकडा ठेवावा.

काळाबद्दल विचारलेत, तर बदल केल्यापासून फायदा दिसेपर्यंत चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलच्या प्रतिनिधींनीच सांगितलेले आहे, आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. म्हणून जाहिराती एकदम बंद करू नयेत. एजन्सीला जी रक्कम देणार होता, तिच्यातून एक युनिकोड जाणणारा मुद्रितशोधक आणि शिक्षकांशी बसून शंकांचे लेखन करणारा एक लेखक नेमावा, रीडायरेक्टचे काम आपल्या प्रोग्रामरकडून करून घ्यावे, आणि पहिल्या तिमाहीत एकही नवा विषय न घेता राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांपासून सुरुवात करावी, कारण तो मजकूर आपल्याकडे आधीच तयार आहे.